उरलेलं अंतर

चंदीगडच्या नकाशात सर्वांत आधी डोळ्यांत भरतात ते चौकोन. साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असा एकेक सेक्टर. त्याच्या चारही बाजूंनी वेगवान वाहतुकीचे रस्ते, आणि आत शिरावं तसतसा वेग उतरत जाणारे लहान रस्ते. ल कॉर्ब्युझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली या शहराची आखणी हाती घेतली, तेव्हा रस्त्यांचे सात प्रकार ठरवले आणि सातवा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखला. सेक्टरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवळीचा सलग पट्टा जातो. शाळा आणि खेळाची मैदानं या पट्ट्यात, या पायवाटांच्या काठाने. हेतू असा की, सेक्टरमधल्या कुठल्याही घरातून निघालेल्या लहान मुलाला शाळेत पोचण्यासाठी एकही मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. या शहराच्या आखणीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यातली बरीचशी योग्य आहे. पण लहान मुलांना शिकवण्याविषयी ज्याला काही बोलायचं आहे, त्याने या एका निर्णयापुढे आदराने थांबलं पाहिजे. चार-पाच वर्षांच्या मुलाची पावलं केवढी असतात याचा विचार करून इथे अंतरं ठरवली गेली. आपल्या बहुतेक शहरांत हा विचार आधी तर नाहीच, नंतरही कुणी करत नाही. माझं म्हणणं मात्र याच्या पुढचं आहे. नकाशा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणून सोडतो. दारापासून बाईंच्या सतरंजीपर्यंत आणखी एक अंतर असतं. ते भाषेचं असतं, हाताच्या सवयीचं असतं, कळण्याच्या वेगाचं असतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी हे उरलेलं अंतर शिक्षकाने चालून जायचं असतं. त्या वयात ते मुलावर सोपवणं हा अन्याय आहे, आणि अन्याय बाजूला ठेवला तरी ते शिक्षण म्हणून फसतं. लहान मुलांच्या शिक्षणाविषयीची माझी सगळी श्रद्धा या एका वाक्यात मावते. पुढे आहे ते त्याचं समर्थन.

आधी चंदीगडचंच पाहू, कारण इथे हे अंतर फार स्वच्छ दिसतं. ज्या मजुरांनी हे शहर उभं केलं, त्यांच्या राहण्याची नीट सोय मूळ आखणीत नव्हती. त्यांच्या वस्त्या शहराच्या कडेला वाढल्या, हलवल्या गेल्या, पुन्हा वाढल्या. औद्योगिक भागाजवळची कॉलनी नंबर चार तर अगदी अलीकडे, १ मे २०२२ रोजी पाडली गेली. मौली जागरां, धनास, मलोया ही पुनर्वसनाची ठिकाणं आज शहराच्या हद्दीतच आहेत. २०११च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या १०,५५,४५० होती. त्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांनी मातृभाषा म्हणून हिंदीची नोंद केली होती आणि २२ टक्क्यांनी पंजाबीची. जनगणनेतल्या ‘हिंदी’च्या पोटात भोजपुरी, अवधी, गढवाली असं बरंच काही असतं, हे ध्यानात ठेवलं म्हणजे वर्गातलं चित्र उमगतं. आणि या केंद्रशासित प्रदेशाची राजभाषा आहे इंग्रजी. म्हणजे घरात एक बोली, गल्लीत पंजाबी, दूरदर्शन संचावर हिंदी आणि फळ्यावर इंग्रजी. अशा मुलासमोर पहिल्या दिवशी सफरचंदाचं चित्र धरून त्याचं इंग्रजी नाव घोकून घेतलं जातं. सफरचंद परकं आहे म्हणून आपल्याकडे या धड्याची नेहमी टिंगल होते. चंदीगडात ती टिंगल लागू पडत नाही. हिमाचलातली सफरचंदं सेक्टर २६च्या मंडईत उतरतात आणि हातगाडीवरून वस्तीत येतात. मुलाने ते फळ हाताळलेलं असतं, कदाचित त्याच्या बापाने त्याच्या पेट्या उचललेल्या असतात. वस्तू इतकी जवळ असूनही वर्ग तिला दूर नेतो, कारण त्या फळाविषयी मुलाला जे माहीत आहे ते सांगायची संधी त्याला कुणी देत नाही. गोड कोणतं, पिठूळ कोणतं, पेटीत गवत कशाला घालतात, डाग पडलेलं स्वस्त का मिळतं, हे सारं ज्ञान त्याच्याजवळ असतं. बाईंना त्याचा पत्ता नसतो, आणि धड्यात त्याला जागा नसते.

हे अंतर शिक्षकाने चालायचं असतं, हे महाराष्ट्रात कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, करून दाखवलं. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका-विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव घेऊन भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं होतं. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभं केलं, आणि मध्यमवर्गीय मुंबईत बालशिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. एखाद्याने तिथेच आयुष्य सुखाने काढलं असतं. ताराबाई १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. बालपणीच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकलेल्या या बाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. बालवाडी उघडली, पण गावाच्या दलित वस्तीतली मुलं येईनात. या ठिकाणी दोन वाटा असतात. मुलं येत नाहीत म्हणजे पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असा निष्कर्ष काढून मोकळं होता येतं. आजही कितीतरी शिक्षक बैठकांतून तो निष्कर्ष निघतो. ताराबाईंनी दुसरी वाट धरली. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तिथे झाडलोट करायची, मुलांना स्वच्छ करायचं, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, हाताला मिळेल त्या वस्तूंनी खेळायचं. आज देशभर लाखो ठिकाणी ज्या अंगणवाड्या चालतात, त्यांचं मूळ या कृतीत आहे. पुढे १९५७ साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली, वारल्यांच्या पाड्यांजवळ. तिथे गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली.

या कामाकडे आपण समाजसेवा म्हणून पाहतो आणि हात जोडतो. मला ते पाहणं अपुरं वाटतं. हात जोडले की अभ्यास करण्याची जबाबदारी संपते. अंगणात वर्ग नेणं हे करुणेचं काम होतंच, पण त्याआधी ती शिकवण्याची पद्धत होती. अंगणात मूल स्वतःच्या राज्यात असतं. तिथे आई चार पावलांवर असते, धाकटं भावंड कडेवर असतं, कोंबड्या माहितीच्या असतात. मूल घाबरलेलं नसलं की त्याचं लक्ष मोकळं असतं, आणि लक्ष मोकळं असेल तरच ते नवं काही घेऊ शकतं. शिवाय बाई जेव्हा दुसऱ्याच्या अंगणात बसते, तेव्हा तिलाच शिकावं लागतं: इथे पाण्याला काय म्हणतात, मुलं कोणाला भितात, कोणत्या झाडाचं काय करतात. शाळेच्या इमारतीत बाई यजमान असते आणि मूल पाहुणं. अंगणात हे नातं उलटतं, आणि लहान वयाच्या शिक्षणाला ते उलटलेलं नातंच मानवतं. चंदीगडच्या वस्तीतली अंगणवाडी एखाद्या अरुंद खोलीत भरत असेल, तिथे अंगण नावालाही नसेल. तरी हे नातं उलटवायला अंगण लागत नाही. त्यासाठी बाईने स्वतःला पाहुणी समजणं पुरेसं आहे.

साधनांचं उदाहरण घ्या. मारिया मॉन्टेसरी यांची साधनं अत्यंत विचारपूर्वक घडवलेली आहेत. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. दट्ट्यांच्या ठोकळ्यात दहा दट्टे आणि दहा खाचा. प्रत्येक दट्ट्याला वर एक छोटी मूठ. ती मूठ अंगठा आणि पुढची दोन बोटं यांनीच धरता येते, आणि तीच पकड पुढे पेन्सिलीची होते. दट्टा चुकीच्या खाचेत बसत नाही किंवा उरतो, म्हणजे चूक साधनच सांगतं. बाईंना रागवावं लागत नाही. ही कल्पना मला शिक्षणशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. पण ही साधनं महाग, आणि बोर्डीच्या वस्तीत ती नेणं म्हणजे पुन्हा अंतर वाढवणं. म्हणून गिजुभाईंच्या आणि ताराबाईंच्या परंपरेत बिया, खडे, शंख-शिंपले, पानं, माती आली. आता इथे एक प्रामाणिक शंका घेतली पाहिजे. चिंचोके मोजता येतात, वेगळे करता येतात, रांगेत मांडता येतात, पण चुकीच्या ढिगात पडलेला चिंचोका स्वतःहून काही बोलत नाही. म्हणजे साधन स्वस्त करताना त्यातला प्राणच गेला का? काही प्रमाणात गेला, हे मान्य केलं पाहिजे. मात्र उत्तरही घरातच आहे. आपल्या स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं घ्या. चुकीचं झाकण बसत नाही. मूल ते फिरवून पाहतं, दाबून पाहतं, बाजूला ठेवतं आणि दुसरं उचलतं. बरोबर झाकण बसतं तेव्हा बारीक टक्क असा आवाज होतो आणि मुलाला कळतं. दट्ट्यांच्या ठोकळ्यात मॉन्टेसरीबाईंनी जे शास्त्र ओतलं, त्यातलं बरंच या डब्यांत आहे, आणि ते मुलाच्या घरचं आहे. चंदीगडच्या शिक्षकाला तर याचा पुरावा सेक्टर एकमध्ये रोज उघडा आहे. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ते-निरीक्षक. त्यांनी १९५७ पासून शहरभरातला टाकाऊ माल गोळा करून, कुणालाही न सांगता, जंगलातल्या जागेत शिल्पं उभी केली. १९७६ साली ते रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं. फुटक्या बांगड्या, फरशांचे तुकडे, विजेच्या जोडणीची फुटकी भांडी, हे त्यांचं साहित्य. शहरातली शाळा सहल म्हणून मुलांना तिथे नेते आणि परत आल्यावर छापील चित्रात रंग भरायला बसवते. हे मला समजत नाही.

हाताविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी घाई इथेच होते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि एकेक करून हाडांत बदलतात. शेवटचं हाड दिसायला लागेपर्यंत मूल प्राथमिक शाळेत बरंच पुढे गेलेलं असतं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांच्या वहीत अक्षरं बसवायला लावलं की, ते पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून हात फिरवतं, जीभ बाहेर काढतं, आणि पानभर ओळ संपेपर्यंत दमून जातं. त्या पानावर त्याला अक्षर कळल्याची खूण नसते, फक्त श्रमाची असते. त्याच मुलाला परातीत तांदूळ पसरून द्या, त्यातले खडे वेचायला सांगा. अंगठा आणि तर्जनी जवळ येतात, मनगट स्थिर राहतं, डोळा बोटांमागे जातो. पाच मिनिटांत ते जे करतं, ते लेखनाचीच तयारी आहे. वहीवाल्या शाळेत पालकांना दाखवायला पान असतं. तांदूळवाल्या शाळेत दाखवायला काही नसतं. बालशिक्षणातले कित्येक चुकीचे निर्णय, शाळेला काहीतरी दाखवावं लागतं या एका गरजेतून झाले आहेत असं माझं मत आहे.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप पालकांचा आहे. ते म्हणतात, खेळ आमच्या घरीही होतो. शाळेत पाठवतो ते वाचायला-लिहायला शिकावं म्हणून, आणि तेही इंग्रजीत. याला उत्तर म्हणून एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या आणि सातव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली. अकरा वर्षांच्या सुमारास वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. हे खरं आहे, आणि लवकर सुरुवात म्हणजे कायमची आघाडी हा समज त्याने नक्की ढासळतो. पण मौली जागरांतल्या आईला हे उत्तर देणं मला पटत नाही. तिकडच्या ज्या मुलाने वाचन दोन वर्षं उशिरा सुरू केलं, त्याच्या घरात पुस्तकं होती, रात्री गोष्ट वाचून दाखवणारं कुणी होतं. ज्या घरात छापील कागद म्हणजे विजेचं बिल, तिथे थांबण्याची किंमत वेगळी असते.

याहून अवघड पुरावा तर आपल्याच देशातला आहे. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या बालवाड्यांत सुमारे दीड हजार मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. तो २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मुलांना काही महिने गणिताच्या जाणिवा वाढवणारे खेळ दिले: कुठल्या पत्त्यावर ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा, असे. या जाणिवा खरोखरच वाढल्या आणि वर्षभरानंतरही टिकल्या. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात, म्हणजे अंक आणि चिन्हं यांच्या व्यवहारात, त्या मुलांना फायदा झाला नाही. खेळातून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष समोर ठेवून विचार करायला हवा. मी तो असा वाचतो: शिक्षक मुलापर्यंत चालत गेला, त्याच्याजवळ बसला, आणि तिथेच बसून राहिला. जवळ जाणं ही सुरुवात असते. तिथून मुलाचं बोट धरून परत निघायचं असतं, चिंचोक्यापासून ठिपक्यापर्यंत, ठिपक्यापासून अंकापर्यंत. पाच चिंचोके मांडले, पाच टाळ्या वाजवल्या, जमिनीवर खडूने पाच रेघा ओढल्या, आणि मग कधीतरी त्या रेघांशेजारी बाईंनी ‘५’ काढला, अगदी त्याच चिंचोक्यांच्या बाजूला. चिन्ह आणि वस्तू एकमेकांना चिकटून पुन्हा पुन्हा दिसली तरच मुलाला चिन्ह आपलं वाटतं. खेळाचा तास वेगळा आणि अंकांचा तास वेगळा ठेवला की दोन्हींत भिंत उभी राहते, आणि ती भिंत चार वर्षांच्या मुलाला पाडता येत नाही. म्हणून अक्षर-अंक शिकवूच नका, असं मी म्हणत नाही. मुलाच्या हातातल्या गोष्टीपासून निघून, त्याच्या पावलाच्या वेगाने, अक्षरापर्यंत या, असं म्हणतो. यात शिक्षकाला खेळवणाऱ्याहून कितीतरी जास्त कौशल्य लागतं.

इंग्रजीच्या आग्रहाबद्दलही पालकांना अडाणी ठरवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ज्या शहरात सरकारी कागद इंग्रजीत निघतो, तिथे कोणाची फाइल पुढे सरकते हे आईबाप रोज पाहतात. त्यांची मागणी पूर्ण शहाणपणाची आहे. चूक असते ती मागणी पुरवण्याच्या रीतीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं, आणि तीन ते आठ वर्षांचा टप्पा एक मानला. त्यावर लगेच व्यवहारी प्रश्न येतो: एका वर्गात चार बोली असतील तर बाईंनी काय करायचं? चारही शिकायच्या? माझ्या मते, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. तहान, भूक, शू, दुखणं, भीती, आई, घर, नको, अजून, असे वीस-पंचवीस शब्द प्रत्येक बोलीतले समजले, तरी पहिल्या दोन महिन्यांत मूल मुकं राहत नाही. मुलाने त्याच्या बोलीत गोष्ट सांगितली आणि बाईंनी अर्धीच समजून मान डोलावली, तरी ते बोलत राहतं. जे मूल एका भाषेत भरपूर बोललं आहे, त्याला दुसरी भाषा जोडायची असते. जे गप्प बसायला शिकलं आहे, त्याला आधी पुन्हा बोलतं करावं लागतं. इंग्रजी गाणी, इंग्रजी गोष्टी, चित्रांची पुस्तकं लवकर आली तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती भाषा कानात जाण्याआधी वहीत उतरवून घेण्याला. आणि इथे अंगणवाडीची मूळ योजना फार दूरदृष्टीची ठरते. सेविका आणि मदतनीस त्याच वस्तीतली बाई असावी, ही अपेक्षा त्यात आहे. म्हणजे मुलाच्या बोलीची जाणकार व्यक्ती आपण आधीच वर्गात आणून ठेवली आहे. तिला फक्त खिचडी वाटायला लावलं आहे.

दुसरा आक्षेप तोंडावर क्वचित बोलला जातो, पण मनात पुष्कळांच्या असतो: मोकळीक, निवड, स्वतःच्या वेगाने शिकणं, हे सुखवस्तू घरातल्या मुलांना परवडतं, गरीब मुलांना शिस्त हवी. इतिहास याच्या नेमका उलट साक्ष देतो. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं, मजुरांच्या चाळीतल्या मुलांसाठी. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६०च्या दशकात पेरी बालवाडीचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, तोही गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचा. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना बालवाडी मिळाली. काय करायचं ते मुलाने ठरवायचं, करायचं आणि मग त्याविषयी बोलायचं, अशी तिथली रीत होती. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जात. बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत विरली. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर ही मुलं नोकरीत जास्त टिकलेली आणि अटकेच्या वाटेला कमी गेलेली आढळली. १२३ मुलं म्हणजे संख्या लहान, हे खरं. आणि बालवाडी म्हटली की ती हिताचीच, असंही नाही. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात जवळपास तीन हजार मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले, तेव्हा सरकारी बालवाडीत गेलेली मुलं सहावीत न गेलेल्यांपेक्षा मागे होती. कारणांविषयी अजून वाद आहेत. माझ्यापुरता मी एवढाच बोध घेतो की, मुलाला लवकर शाळेत घातलं की काम झालं, या समजाला आधार नाही. त्या खोलीत रोज काय घडतं, यावर सगळं ठरतं. गरिबांच्या मुलांसाठी घडवलेली पद्धत आज भरमसाट फी घेणाऱ्या शाळांच्या पाटीवर आहे, आणि गरिबांच्या वाट्याला घोकंपट्टी आली आहे. याला परवडण्याचा प्रश्न म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि त्याला माझ्याजवळ शिक्षणशास्त्रातलं उत्तर नाही. बाई म्हणतात, जवळ जा म्हणता, बोली शिका म्हणता, घरी जा म्हणता; पण मुलं तीस-चाळीस, मी एकटी, त्यात वजनं घ्यायची, लसीकरणाच्या नोंदी ठेवायच्या, शिधा वाटायचा, सर्वेक्षणं करायची आणि रोज मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती भरायची. हे सगळं खरं आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा आहार, आरोग्य आणि शिक्षण एकाच छपराखाली आणण्याची कल्पना योग्यच होती. उपाशी मूल शिकत नाही हे ताराबाईंनीही ओळखलं होतं. पण त्या तिन्हींमध्ये शिक्षण नेहमी शेवटी उरलं, कारण वजनाची नोंद तपासली जाते आणि गोष्ट सांगितली की नाही हे कुणी विचारत नाही. कायद्यातही हेच. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या वयासाठी २००२ च्या घटनादुरुस्तीने राज्याला फक्त प्रयत्न करायला सांगितलं आहे. नव्या धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम सुचवला. ते चांगलं आहे, पण प्रशिक्षणाने कौशल्य येतं, वेळ येत नाही.

आणि मोबदल्याबद्दल बोलल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार कुणाला नाही. अंगणवाडी सेविका सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, मानसेवी आहे. केंद्राच्या वाट्याचं तिचं मानधन २०१८ साली महिना ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये झालं, मदतनिसाचं १,५०० वरून २,२५०; राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यात आपली भर घालतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणारी व्यक्ती शिक्षक असते आणि पाच वर्षांच्या मुलाला शिकवणारी स्वयंसेविका, या भेदाला कुठलंही शास्त्र नाही. चंदीगडात असो की आपल्या गावात, तुमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीत एकदा जाऊन बसा, ताईंना त्यांचं काम विचारा, आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा की या बाईला शिक्षक म्हणून नेमणूक आणि शिक्षकाचा पगार कधी मिळणार.